गाडीची मच्छरदाणी

गाडीवरच्या प्लास्टिकच्या फुग्याची चेन निम्मी उघडली आणि आतून मोरेश्वरच्या तोंडावर आंबलेल्या गव्हाचा वास आला. शनिवारची सकाळ, फेब्रुवारी महिना, रेडमंडला पाऊस. म्हणजे जगात काही विशेष चाललेलं नव्हतं. तो चेन धरून तसाच उभा राहिला. वास आतून येत नसेल, आपल्याच नाकात असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, कारण नाकात तो होताच. सासूबाईंनी मागच्या रविवारी गहू भिजत घातल्यापासून घरात दुसरा वास उरला नव्हता. त्या रोज गव्हाचं पाणी बदलायच्या आणि रोज ते पाणी कालच्यापेक्षा जास्त काहीतरी व्हायचं. गहू फुगले, मऊ झाले, त्यांच्यावर फेस आला. अनिका, वय वर्षं तेरा, शाळेतून आल्या आल्या पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "आजी, इट स्मेल्स लाइक फीट." सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं अशातला भाग नाही, त्या नागपूरला पोस्टात होत्या. "पायच आहेत बाळा, गव्हाचे," त्या म्हणाल्या. "आता चालत चालत कुरडईपर्यंत जातील." अनिका हसली, त्याची बायको शुभा हसली, आणि मोरेश्वरनं नाकाला रुमाल लावून आपल्याला सर्दी झाल्याचं जाहीर केलं. त्याबरोबर सासूबाईंनी तव्यावर ओवा भाजायला घेतला आणि घरात वास दोन झाले. नंतर दोन दिवस तो ऑफिसच्या कामाला क्युपर्टिनोला गेला. तिथलं हॉटेल अत्यंत निर्जीव होतं, गालिच्यापासून साबणापर्यंत, आणि त्याला तिथं फार शांत झोप लागली.

किळस ही मोरेश्वरची खाजगी मालमत्ता होती. ऑफिसात कुणाला तिचा पत्ता नव्हता. ऑफिसात तो 'मो' होता, हसरा, वक्तशीर, दुसऱ्याच्या डब्यातलं आग्रहानं पुढे केलेलं चीज डोळे न मिटता खाणारा. घरीही तो कुणाला तसं बोलून दाखवत नसे. फक्त शुभानं ओला टॉवेल पलंगावर टाकला की तो उचलताना त्याची दोनच बोटं पुढे व्हायची, आणि सिंकच्या जाळीत अडकलेली शितं काढायची वेळ आली की त्याला नेमका ऑफिसचा फोन यायचा. या अशा माणसानं मागच्या उन्हाळ्यात एक जर्मन स्पोर्ट्‌स कार घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, त्याला वेगाची आवड असेल. गाडी रुपेरी, दोन सीटची, टप कापडाचा. "माणसं तीन आणि सीटं दोन," शुभा म्हणाली होती, "म्हणजे अनिकाला बॉनेटवर बांधायचं, की मला?" वेगाचा काही संबंध नव्हता. त्यानं शोरूममध्ये गाडीचं दार उघडून आत डोकं घातलं होतं आणि आतून जो वास आला, कोरड्या, शहाण्या, कुणाचाही नसलेल्या चामड्याचा, तो त्यानं विकत घेतला होता. गाडी मागून येणार होतीच.

ऑक्टोबरात त्यानं ती गॅरेजमध्ये निजवली. फुगा म्हणजे गाडीपेक्षा थोडी मोठी अशी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. खाली जाड चटई, वर प्लास्टिक, दोन्ही चेननं जोडलेली, आणि एक छोटा पंखा आत सतत हवा भरत राहणार, म्हणजे प्लास्टिक गाडीला टेकायला नको आणि हवा एका जागी कुजायला नको. पंख्याच्या तोंडाशी त्यानं हवेतलं पाणी ओढणारं यंत्र ठेवलं होतं. त्या यंत्राची बादली तो रोज ओतायचा. बादलीत डोकावताना त्याला समाधान वाटे आणि किळसही येई: एवढं सगळं हवेत होतं, एवढं सगळं आपण नाकानं पीत होतो. पेट्रोलची टाकी त्यानं गळ्यापर्यंत भरली होती, रिकाम्या टाकीला आतून घाम येतो म्हणून. धुराच्या नळीत लोखंडी काथ्याचा बोळा, उंदीर शिरू नयेत म्हणून. काचा बोटभर उघड्या. आणि मुख्य म्हणजे हिवाळ्यात मधूनच हौसेनं इंजिन चालू करायचं नाही, कारण गाडी पुरती तापत नाही, धुरातलं पाणी नळीतच बसून राहतं आणि आतून खात सुटतं. डिसेंबरात सासूबाई आल्या तेव्हा हे सगळं त्यानं त्यांना गॅरेजमध्ये उभं करून समजावून सांगितलं होतं. त्या बराच वेळ फुग्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई, गाडीला मच्छरदाणी! एवढे डास आहेत काय हो इथं?" डास नाहीत आई, दमटपणा. "मग माणसांना काऊन नाही लावत?" त्या म्हणाल्या, आणि तांदळाचं पोतं कुठं ठेवलंय ते विचारून घेतलं. तांदूळ गॅरेजमध्येच होता. त्याला मच्छरदाणी नव्हती.

दमटपणा हा शब्द मोरेश्वरला नेहमी अपुरा वाटत आला होता. तो शब्द ऐकून लोकांना हवामान आठवतं. त्याला चिपळूणच्या घरातली खुंटी आठवायची, आणि खुंटीला लटकणारा वडिलांचा पट्टा. वडील कोर्टात कारकून होते आणि आयुष्यात चैन म्हणून त्यांच्याकडे तो एक चामड्याचा पट्टा होता. श्रावण सरत आला तरी घरातलं काहीही वाळलेलं नसायचं. शाळेची चड्डी निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून तिच्यावर पसरायची आणि वाफाळत असतानाच अंगात चढवायची. मग वर्गात अंगाच्या उबेनं तिच्यातून धूर आणि कुबट घाम यांचा एक मिश्र वास हळूहळू बाहेर यायचा, आणि बाकावर शेजारी बसणारा विवेक जरासा सरकायचा. बोलायचा काही नाही. चांगल्या घरातला मुलगा होता, नुसता वीतभर सरकायचा आणि पुस्तकात बघायचा. तर एका सकाळी वडील आंघोळीला गेलेले असताना मोरेश्वरनं तो पट्टा हातात घेतला आणि पट्ट्याला केस होते. पांढरे, बारीक, उंदराच्या पिल्लाला असतात तसे. हाताला ते मऊ लागले, हे सगळ्यांत वाईट. वडील ओलेत्यानंच बाहेर आले, पट्टा त्याच्या हातातून घेतला, अंगठ्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसला. "काही नसतं रे. चामडं म्हणजे जिवाचीच वस्तू ना, येतं कधीतरी वर." अंगठा पंच्याला पुसला न पुसला, पाटावर बसले, त्याच अंगठ्यानं मऊ भात कालवला आणि पहिला घास लाडानं मुलाच्या तोंडात घातला. मुलानं तो गिळला. ओकला तो नंतर, मागच्या परसात, कुणाला दिसणार नाही असा. पुढे इंजिनिअर होऊन व्हिसावर तो पहिल्यांदा ॲरिझोनात उतरला तेव्हा दोरीवर टाकलेला शर्ट दुसरं टोक सरळ करेपर्यंत वाळलेला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तेही लगेच वाळलं होतं. दोन वर्षं तो तिथं सुखानं राहिला. मग नोकरी कायम झाली, ग्रीन कार्डाचं जमलं, आणि कंपनीनं त्याला मोठ्या कौतुकानं अमेरिकेतल्या अत्यंत ओल्या कोपऱ्यात आणून ठेवला.

त्यानं चेन पूर्ण उघडली. बॉनेटवर धुवट पांढरं पातळ अंथरलेलं होतं आणि त्यावर कुरडया वाळत होत्या. ओळीनं नव्हे, मिळेल तिथं, बॉनेटच्या उतारावर, काचेच्या पायथ्याशी, आणि काही मागच्या बाजूला डिकीवरसुद्धा, पिवळसर पांढऱ्या, घरट्यांसारख्या, जणू दोन दिवसांत त्याच्या गाडीवर एखाद्या पक्ष्यांच्या जातीनं वसाहत केली होती. पंखा त्यांच्यावरून मंद, कोरडी, गाळलेली हवा फिरवत होता. मागं स्वयंपाकघराचं दार वाजलं. हातात ताट घेऊन सासूबाई आल्या.

"उठलात काय जावईबापू? थांबा, त्या काचेजवळच्यांना हात नका लावू, खालून ओल्या आहेत अजून."

"आई, हे गाडीवर..."

"काय सुरेख वाळताहेत ना! तिकडे हॉलमध्ये शेगडीपुढे ठेवल्या, तर वरून कडक आणि आत लिबलिब. ओव्हनमध्ये करपल्या. मग म्हटलं, बाप्पा, घरात एवढी गच्ची आहे आणि हे सांगत नाहीत! पंख्याजवळच्या तर बघा." त्यांनी एक कुरडई उचलून कटकन मोडली. "हे नागपूरच्या उन्हालाही दोन दिवसांत जमत नाही."

ताट भरून त्या आत गेल्या. मोरेश्वरनं गाडीचं दार उघडलं आणि आत बसला. बसणं हा त्याचा यावरचा ठरलेला उपाय होता, त्याबद्दल पुढे. त्यानं दार ओढून घेतलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा गॅरेजच्या ट्यूबलाइटच्या उजेडात स्टिअरिंगला केस होते. पांढरे, बारीक. डावीकडे एक पट्टा, उजवीकडे एक. त्याच्या गळ्याशी मऊ भात आला.

स्वयंपाकघरात शुभा कॉफी घेऊन उभी होती. त्यानं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं. आवाज चढवणं त्याला ओलसर वाटायचं.

"बुरशी? स्टिअरिंगवर?" शुभा म्हणाली. "मग पूस ना. व्हिनेगर देऊ?"

"पुसायचा प्रश्न नाहीये. ओलं पीठ आणून ठेवलं आत. त्याचंच पाणी."

"अरे, त्या तर वाळल्या."

"त्यातलं पाणी कुठं गेलं मग?"

"तुझ्या बादलीत! त्यासाठीच आणलंयस ना ते मशिन? यार, गाडी आहे की देव्हारा? सोवळ्यात बसलीय चार महिने."

"प्रत्येक गोष्टीची एक जागा असते, शुभा. मी इतकंच म्हणतो. सनीव्हेलला अरुणकडे हवा कोरडी असते. आईंच्या कुरडया तिथं फार छान वाळतील."

हे तो हसून म्हणाला. ऑफिसात एखाद्याला दुसऱ्या टीममध्ये पाठवताना तो असाच हसायचा. शुभानं कॉफीचा कप खाली ठेवला. अरुणकडे काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. मागचा हिवाळा सासूबाईंनी या मुलाकडे काढला होता, आणि तिथं सुनेच्या, रेणूच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवण्याआधीसुद्धा विचारावं लागायचं, तीन महिन्यांत ही बडबडी बाई इतकी गप्प झाली की फोनवर शुभानं "आई, ऐकू येतंय ना?" असं विचारावं. इथं आल्यापासून ती परत बोलायला लागली होती. गल्लीतल्या चार मराठी घरांत तिचं जाणंयेणं झालं होतं. कुरडया त्यांच्यासाठीही होत्या. मे महिन्यापर्यंत ती राहायची होती.

"माझ्यामुळेच असेल," सासूबाई म्हणाल्या. त्या ओट्यापाशी ताटातल्या कुरडया एकीवर एक रचत होत्या, वर मान करत नव्हत्या. "विचारायला पाहिजे होतं. तुम्ही गावाला गेलेले, म्हटलं चालेल. शुभा, अरुणला फोन लाव. पुढच्या आठवड्यात येते म्हणावं."

"आई!"

"लाव बेटा. उगाच घरात कटकट नको."

मोरेश्वर व्हिनेगरची बाटली आणि जुना बनियन घेऊन पुन्हा गॅरेजमध्ये गेला. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटतही होतं थोडं, दात घासल्यावर वाटतं तितपत. तो सीटवर बसला. पुसायला स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं म्हणून त्यानं डावा हात सवयीनं जिथं जातो तिथं ठेवला, आणि हात त्या पांढऱ्या पट्ट्यावर बरोबर बसला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. त्यानं उजवा ठेवला. तोही बसला. बुरशी त्याच्या हातांच्या मापाची होती. मग त्यानं मान वळवली तर डोकं टेकतो तिथंही होती, वाटीएवढी, आणि शेजारच्या सीटच्या पाठीवर जिथं तो ओव्हरकोट टाकायचा तिथं कोटाच्या खांद्यांसकट. दोन दिवसांत एवढे केस उगवत नाहीत. हे त्याला मघाशीच ठाऊक होतं. चिपळूणचा माणूस बुरशीचं वय ओळखतो. फक्त आत्तापर्यंत तो इथं उजेडात कधी बसला नव्हता.

तो बसायचा संध्याकाळी. तलावापलीकडून ऑफिसची बस यायची, ती पुलावरच्या ट्रॅफिकमुळे उशिरा येते असं घरी सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यानंच सांगितलं होतं. बस वेळेवर यायची. स्टॉपपासून पावसात चालत तो यायचा, पुढच्या दारानं नव्हे, गॅरेजच्या बाजूच्या दारानं, अंधारात चेन उघडायचा, आत शिरून लावायचा, गाडीत बसायचा आणि काचा वर करायचा, कारण भिंतीपलीकडून लसणीच्या फोडणीचा वास यायचा. मग काही नाही. रेडिओ नाही, दिवा नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो न चालणाऱ्या गाडीत बसून राहायचा. पलीकडे भांडी वाजायची, अनिका इंग्रजीत कुरकुरायची, शुभा तिला मराठीत उत्तरं द्यायची, सासूबाई दोघींच्या मधे हसायच्या, आणि ते सगळं प्लास्टिक, काच आणि भिंत यांतून गाळून त्याच्यापर्यंत कोरडं होऊन यायचं. असं कोरडं झालेलं घर त्याला फार आवडायचं. मग तो आत जायचा आणि म्हणायचा, "आज पुलावर भयंकर होतं." आणि हे सगळे दिवस तो ओला कोट, ओले बूट, ओला श्वास, तळव्यांचा घाम, असा बादलीभर माणूस रोज त्या फुग्यात नेऊन ठेवत होता. जगातलं सगळं पाणी बाहेर ठेवून त्यानं आतून चेन लावली होती. पट्ट्यावरचे केस पट्ट्याचे नसतात, वडिलांच्या कमरेचे असतात, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर हायसं वाटतं म्हणतात तसं मुळीच वाटलं नाही. स्वतःचा वास स्वतःला येत नाही ही केवढी सोय आहे, आणि ती आता संपली होती. त्याला तो आला. कुबट, धुरकट, निखाऱ्यावरच्या चड्डीचा. बनियन त्याच्या मांडीवरच राहिला. त्यानं अंगठ्यानं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलं.

आत जाऊन तो टेबलाशी बसला तेव्हा सासूबाई तळणीपाशी होत्या. हॉलमधून शुभाचा आवाज येत होता, "नाही रे अरुण, काही झालं नाही... हो, नेक्स्ट वीक. मी तिकीट बुक करते. रेणूला एकदा विचारून घे." कढईत कुरडई पडली, क्षणात फुलली, दुप्पट झाली. सासूबाईंनी ती झाऱ्यावर निथळून त्याच्यापुढे ठेवली आणि हॉलच्या दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "आत बसलात की काचा थोड्या उघड्या ठेवत जा. धुरकटतात."

मोरेश्वरनं वर पाहिलं.

"तांदूळ काढायला येते ना मी संध्याकाळी, दिवा न लावता, दारातल्याच उजेडात. पहिल्या दिवशी वाटलं, चोर आहे. ओरडणारच होते. मग तुम्ही बाहीनं काच पुसलीत."

"तुम्ही शुभाला..."

"काय सांगायचं त्यात? आमच्याकडचे हयातभर संडासात पेपर घेऊन बसले. पुरुषाला लागते कुठेतरी जागा." त्यांनी दुसरी कुरडई सोडली. "खा ना. गार झाली की मजा नाही."

हॉलमध्ये शुभा तारीख विचारत होती. मोरेश्वरच्या मनात आलं, आता फक्त गप्प बसायचं. ही बाई विमानात बसेपर्यंत बोलणार नाही. बुरशी पुसली गेलेली आहे. हे इतकं सोपं होतं, इतकं कोरडं आणि स्वच्छ होतं, की त्याला त्याचीच शिसारी आली. तो उठून हॉलच्या दारात गेला.

"फोन ठेव, शुभा."

"एक मिनिट, अरुण. का? काय झालं?"

"ती बुरशी माझी आहे."

शुभानं फोन कानापासून दूर धरला. "म्हणजे?"

"मी बसतो गाडीत. ऑफिसातून आलो की. ओल्या कोटासकट."

"कधी?"

"रोज."

"आणि पुलावरचं ट्रॅफिक?"

"असतं," मोरेश्वर म्हणाला. "पण एवढं नसतं."

तिनं फोन परत कानाला लावला. मग फोनमध्ये म्हणाली, "अरुण, आई येत नाहीये. नाही, काही नाही, माझंच चुकलं. मे महिन्यातच येईल." फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली, टेबलाशी बसली. तोही तिच्या शेजारी बसला. सासूबाईंनी गॅस बारीक केला, पण मागे वळून पाहिलं नाही.

"आम्ही इथं ताटं घेऊन थांबायचो," शुभा म्हणाली. "अनिका विचारायची, बाबा कुठंय. मी म्हणायचे, पुलावर."

"हो."

"काय आहे तिथं आत?"

"काही नाही. वास येत नाही कसला."

"कसला म्हणजे कसला?"

त्याला उत्तर द्यायचं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, कढई, सिंक, हुकाला अडकवलेला ओला नॅपकिन, चिकाचं पातेलं, अनिकाचा अर्धा खाल्लेला टोस्ट. शुभानंही त्याच्या नजरेबरोबर तेच सगळं पाहिलं, क्रमानं, आणि शेवटी ती नजर कुठं थांबली तेही पाहिलं.

"आमचा," ती म्हणाली.

आणि खुर्चीत जराशी सरकली. वीतभर. रागानं नव्हे, राग असता तर आवाज झाला असता. नुसती सरकली आणि टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत राहिली.

मोरेश्वरनं पुढ्यातली कुरडई अंगठ्यानं मोडली आणि तोंडात घातली. कुरकुरीत होती. हिंग होता, मीठ होतं, आणि मागून हळूच चामडं, टायर आणि गॅरेज यांची चव आली, अशी की घास तोंडात फिरेना. सासूबाई झारा हातात धरून त्याच्याकडे बघत होत्या.

"कशी झालीय?"

त्यानं गिळलं.

"आणखी एक द्या," तो म्हणाला.